मोटारीचें पाणी जातें कोठें?

घरांतील घागर रोज चार बोटें रिकामी होऊं लागली, तर गृहिणी ती नुसती भरून स्वस्थ बसत नाहीं. घागर झिरपते कीं काय, हें ती आधीं पाहते. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण शहाणीं माणसें हा विचार करीत नाहीं. टांकींतील पातळी उतरली कीं बाटलीभर पाणी ओततों आणि पुढें निघतों. मी कांहीं यंत्रविद्येचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें मुलांना उष्णतेचे व दाबाचे पहिले धडे देत म्हातारा झालेला शाळामास्तर. परंतु या चुकीची किंमत आमच्या घरानें मोजलेली असल्यामुळें आज दोन शब्द सांगतों.

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या आम्हां सर्वांस पुण्याहून महाबळेश्वरास घेऊन निघाला. गाडींत त्याचें वर्षाचें मूल होतें. त्यापूर्वीं महिन्याभरांत त्यानें तीन वेळां पाणी घातलें होतें, आणि एका दुरुस्तीवाल्यानें 'उन्हाळा आहे, पाणी आटायचेंच' असें सांगून त्याचें समाधानही केलें होतें. वाई मागें टाकून पसरणीचा घाट चढूं लागलों. तपमानाचा कांटा मध्यावर अगदीं शांत होता. कांहीं वळणें गेलीं आणि तो एकाएकीं लाल रेघेवर चढला, खालीं आला, पुन्हा चढला. गाडी कडेला घेतली. मग वर्गांतल्या मुलाला जें मीं कधींच करूं दिलें नसतें, तें स्वतः केलें. रुमाल गुंडाळून झांकण फिरविलें. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्या क्षणाचा आहे. मूल त्या वेळीं आईच्या कडेवर, चार हात दूर होतें, ही देवाची कृपा.

असें कां व्हावें? तें झांकण म्हणजे साधें बूच नव्हे. त्यांत स्प्रिंगची झडप असते, आणि बहुतेक गाड्यांत ती बाहेरच्या हवेहून सुमारें एक वातावरणाइतका जादा दाब आंत कोंडून ठेवते. उघडें पाणी समुद्रसपाटीवर 100 अंश सेल्सिअसला उकळतें; त्या दाबाखालीं तें 120 अंशांच्या आसपास उकळतें. उलट पांचगणी सुमारें 1,300 मीटर उंच असल्यामुळें तेथें उघडें पाणी 96 अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें. तेव्हां घाटांत झांकण उघडणें म्हणजे 110 अंशांवरच्या द्रवाचा कोंडलेला दाब एका क्षणांत काढून घेणें होय. तो द्रव वाफ होऊन उसळणार नाहीं तर काय करील? इंजिन बंद करून, वरची रबरी नळी हाताला सहज सोसवेल इतकी निवेपर्यंत थांबावें. त्यास अर्धा-पाऊण तास किंवा अधिकही लागतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतूं नये. त्यानें धातूला तडा जातो.

आतां मुख्य प्रश्न. हा द्रव बंद मार्गांत फिरत असल्यामुळें निरोगी गाडींत तो दर आठवड्यास उतरत नाहीं. पातळी सकाळीं, गाडी थंड असतां, टांकीवरील दोन खुणांमध्यें पाहावी. गरम असतां ती वर दिसतेच. उतरत असेल तर तो द्रव कोठें तरी गेलाच पाहिजे. बाहेर गळत असेल तर शोध सोपा. नळीच्या सांध्यापाशीं, रेडिएटरच्या कडेला, पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्राशीं हिरवट किंवा गुलाबी सुकलेला थर दिसतो. वातानुकूलनाचें निर्मळ पाणी खालीं टपकतें, तें मात्र निरुपद्रवी. त्याला ना रंग ना बुळबुळीतपणा. गाडींतील गालिचा ओला होऊन समोरच्या कांचेवर चिकट वाफ धरूं लागली, तर हीटरचा लहान रेडिएटर फुटला असें समजावें. कांहींच दिसत नसेल तर थंड गाडीला हातपंप लावून झांकणावर लिहिला असेल तितकाच दाब द्यावा आणि कांटा उतरतो कीं काय तें पाहावें. झांकणाची स्प्रिंग दुबळी झाली असली तरीही द्रव निसटतो. सर्वांत स्वस्त वस्तु ती, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाहीं!

जेवढा द्रव जातो तेवढी हवा आंत शिरते, आणि खरी फसवणूक येथें सुरू होते. हवा मार्गाच्या सर्वांत उंच जागीं जाऊन बसते. पंप पाणी ढकलतो. हवेचा गोळा त्याच्या पात्यांशीं आला कीं पातीं नुसतीं फिरत राहतात. धातूची उष्णता पाण्यास जशी चटकन मिळते तशी हवेस मिळत नाहीं. शिवाय तपमान मोजणारी कळ द्रवांत बुडालेली असावी लागते. ती हवेंत उघडी पडली तर इंजिन जळत असतांही कांटा शांत राहतो. आमचा कांटा घाटांत असाच गप्प होता. इंजिन तापलेलें असून हीटर गार वारा फेंकीत असेल, तर आंत हवा अडकली किंवा द्रव कमी पडला, असा संशय घ्यावा. पुण्याच्या उन्हाळ्यांत हीटर लावून पाहणार कोण, हेंही खरेंच.

हवा काढण्याची रीत अशी. थंड गाडीचें तोंड चढावर करावें, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास सैल करून द्रव सावकाश ओतावा, आणि बुडबुड्यांविना धार आली कीं स्क्रू आंवळावा. मग इंजिन मंद चालवावें. बहुतेक गाड्यांत 80 ते 90 अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, वरची नळी गरम होते आणि उरलेले बुडबुडे टांकींत येतात. पंखा एक-दोनदां फिरून थांबला कीं गाडी निवूं द्यावी आणि पातळी पुन्हा भरावी. गाडीगाडीचा क्रम थोडा निराळा असतो. तिच्या पुस्तकांतला पाळावा.

पुतण्याच्या गाडीची हवा अशी दोनदां काढली, आणि दोन्ही वेळां ती परत आली. तेव्हां दुसऱ्या एका वृद्ध मेस्त्रींनीं विचारलें, "मास्तर, बाहेरून शिरत नाहीं, तर ही हवा येते कोठून?" त्यांनीं थंड इंजिन सुरू केलें. मिनिटभरांतच वरची नळी दगडासारखी ताठली. एवढ्या वेळांत पाणी तापून दाब येणें शक्यच नव्हतें. टांकीच्या तोंडाशीं निळ्या द्रवाची कांचेची नळी धरली, ती पिवळी पडली. जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड पाण्यांत येत होता. इंजिनाचें हेड व ठोकळा यांमधलें गॅस्केट फुटलें होतें. वायु पाण्यांत शिरे, आणि रात्रीं गाडी निवतांना पाणी ज्वलनकक्षांत झिरपे. अशा वेळीं सकाळीं धुराड्यांतून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो, तो इंजिन तापल्यावरही थांबत नाहीं. तसा धूर पुतण्याच्या पत्नीनें दोनदां बोलून दाखविला होता. आम्हीं लक्ष दिलें नाहीं.

हेड वांकलें होतें; तें घांसून सपाट करावें लागलें. पहिल्याच महिन्यांत विचारलें असतें तर बहुधा गॅस्केटवरच भागलें असतें.

एक गोष्ट राहिली. गाडींतून काढलेला शीतक द्रव मोरींत ओतूं नये, उघड्या भांड्यांतही ठेवूं नये. त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड आणि घातक विष आहे. मुलें व कुत्रीं तें चाटतात. घट्ट बुचाच्या डब्यांत भरून, वर चिठ्ठी लावून, तो दुरुस्तीच्या कारखान्यांतच परत द्यावा.