घड्याळ, घडा आणि श्रावण

शायर जोश मलिहाबादी म्हणे समोर घड्याळ ठेवून प्यायचे. ठरल्या वेळी पेला भरायचा, ठरल्या वेळी पालथा घालायचा. हीच शिस्त त्यांनी मजाजला सुचवली, तेव्हा मजाज म्हणाला, ‘माझं चाललं तर मी घडा समोर ठेवून पिईन!’ उर्दूच्या मैफलींत हा किस्सा इतका फिरलाय की त्याला किती पदर जोडले गेले, देव जाणे. मला मात्र त्यात दारूच्या सवयीचा अर्धा वाद सापडतो. घडेवाला बुडाला हे सगळ्यांना दिसतं. घड्याळवाल्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तुला घड्याळ लागतंच कशाला?

असरारुल हक ‘मजाज’ या शायराचं मला कित्येक वर्षं वेड आहे. जन्म १९११ चा, रुदौलीचा. शिक्षण अलीगढला. तिथल्या विद्यापीठाचं गीत त्याचंच. ‘आहंग’ हा संग्रह १९३८ चा. जावेद अख्तर त्याचे भाचे. दिल्लीत रेडिओच्या ‘आवाज’ नियतकालिकाचं संपादन केलं, ते सुटलं. मन अनेकदा ढासळलं. १९५२ मध्ये त्याला रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. १९५३ च्या सुरुवातीला लाडकी बहीण सफिया गेली. डिसेंबर १९५५ मध्ये लखनौत लेखक-कवींचा मेळा भरला होता. रात्री मजाज काही दोस्तांबरोबर लालबागेतल्या एका गुत्त्याच्या गच्चीवर बसला. दोस्त उठून गेले, तो तिथेच राहिला. लखनौची डिसेंबरातली रात्र म्हणजे हाडं गोठवणारी. सकाळी त्याला बेशुद्धावस्थेत बलरामपूर इस्पितळात नेलं. ५ डिसेंबरला तो गेला. वय ४४.

लखनौला गेलो की माझी लालबागेत एक फेरी होतेच. तो गुत्ता शोधण्यात अर्थ नाही. पण त्याच लालबागेत ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र उभं आहे. ई. स्टॅन्ली जोन्स या मिशनरींनी ते १९५० मध्ये सुरू केलं, म्हणजे त्या रात्रीच्या पाच वर्षं आधी. मदत मोहल्ल्यातच होती म्हणून मजाज वाचला असता, असं मी म्हणणार नाही. त्याच्या विनोदांना दाद देणाऱ्यांची कधीच वाण नव्हती, एवढंच म्हणतो. आपल्याकडे गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त तळीरामाचं ‘आर्य मदिरा मंडळ’ दाखवलं, तेही असंच: सगळे हसरे, सगळे सोबतीला. मजाजचे किस्से सांगावेत, मीही सांगतो. पण सांगायचे तर गच्चीपर्यंत सांगावेत.

आता आपल्या घरातलं. ‘मी श्रावणात थेंबाला शिवत नाही, मग मी दारुडा कसा?’ हा आपला लाडका दाखला. महिनाभर हात थरथरले नाहीत, झोप लागली, तर शरीराचं अजून दारूवाचून अडत नाही इतपत म्हणता येईल. पण गटारीला किती रिचवली आणि श्रावण उतरताच घाई किती झाली, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. आठनंतरच, शनिवारीच, एकट्याने नाही, अशा नियमांची यादी लांबत चालली, तर मला तीच पहिली खूण वाटते. ज्याला चहा सोसतो तो चहासाठी नियम करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी हेच शिस्तीत विचारते. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा याचे. पुढचे तीन ताब्याचे: सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं झालं का, कामं राहिली का, सकाळी घ्यावी लागली का. उरलेले चार हानीचे. चाळीसपैकी आठ किंवा जास्त गुण म्हणजे सावध व्हायची वेळ. मोजताना फसू नये: तीस मिलीचा एक पेग म्हणजे सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे तसे चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा.

आकडेवारी थोडक्यात उरकतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

चाचणीतला दहावा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: तुमच्या पिण्याबद्दल नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टरांनी कधी काळजी व्यक्त केली का? याचं उत्तर पिणाऱ्याने एकट्याने लिहू नये. बायकोला, आईला, थोरल्या मुलीला विचारावं आणि उत्तर ऐकताना वाद घालू नये. रोजची भरपूर सवय असेल, सकाळी हात कापत असतील, तर मात्र उद्यापासून बंद अशी शपथ घेऊ नये. एकदम सोडल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशाने आधी डॉक्टर गाठावा आणि तारीख त्याच्याबरोबर बसून ठरवावी.