‘सरकारचे जावई’ ते ‘लाभार्थी’ : वडीगोद्री परिसरातील आरक्षण-संघर्ष आणि शासनावलंबनाची चर्चा

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वडीगोद्री हे गाव आहे. तेथून काही किलोमीटरांवर अंतरवाली सराटी आहे. मनोज जरांगे यांनी 29 ऑगस्ट 2023 रोजी अंतरवालीत उपोषण सुरू केले, 1 सप्टेंबरला तेथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. त्यानंतर 13 जून 2024 रोजी जरांगे यांनी पुढील टप्प्यातील उपोषण स्थगित केले; त्याच दिवशी वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांनी इतर मागासवर्गाच्या आरक्षणाला धक्का लागू नये या मागणीसाठी उपोषण आरंभिले. ते 22 जूनपर्यंत चालले. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर दोन समाजघटक एकाच शासनाकडे परस्परविरोधी मागण्या घेऊन बसल्याचे हे चित्र होते.

या संघर्षाचे वर्णन बहुधा ‘जातीचे राजकारण’ एवढ्या शब्दांत केले जाते. परंतु त्याच्या मुळाशी शासनाकडून काही मागणे म्हणजे परावलंबन की हक्क, हा एक जुना प्रश्न आहे. मागणारा कोण यावर या प्रश्नाचे उत्तर बदलत आले आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

अवलंबन : गावावरचे आणि शासनावरचे

महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या श्रमातून जमा होणारा महसूल उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा मुद्दा मांडला होता. शासनाच्या पैशावर नेमके कोण जगतो, असा उलटा प्रश्न त्यांनी विचारला, असे म्हणता येईल. त्यापूर्वी 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्ती घडविणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. वर्ण आणि वंश यांची तुलना मराठी विचारविश्वाला नवी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा विचार अधिक पुढे नेला. संविधान सभेसाठी 1947 मध्ये तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींना अल्पसंख्य म्हणून मान्यता, शेतीची राष्ट्रीय मालकी आणि स्वतंत्र वसाहती यांची मागणी केली. या मागणीमागील तर्क समजून घेणे महत्त्वाचे आहे. खेड्यातील अस्पृश्य हा बहुसंख्याकांच्या शेतीवर, बलुत्यावर व मर्जीवर जगत होता. त्याने पाणवठ्यावर हक्क सांगितला की काम बंद होत असे, वाट अडवली जात असे. या अवलंबनातून सुटका व्हायची तर कायद्याने बांधलेल्या शासनाचा आधार घेणे अपरिहार्य होते. महार वतनासंबंधी त्यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेल्या विधेयकामागेही हीच दृष्टी होती. थोडक्यात, गावगाड्यावरील अवलंबन हे गुलामीचे आणि शासनाकडील मागणी ही नागरिकत्वाची, असा भेद आंबेडकरी विचारात स्पष्ट आहे.

मराठवाड्यात हा भेद जमिनीच्या प्रश्नात दिसला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये व पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमिनी कसायला द्या, ही त्यांची मागणी होती. मागणाऱ्यांना अनुदान नव्हे, तर उत्पादनाचे साधन हवे होते. पुढे शासनाने ठरावीक तारखांपर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. तरीही सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी अनेक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या.

‘सरकारचे जावई’ या शब्दप्रयोगाचा अर्थ

शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांमुळे शिकलेल्या दलित तरुणांना ‘सरकारचे जावई’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली. हा शब्दप्रयोग केवळ टवाळीचा नाही. मराठी घरात जावई हा मान घेणारा, काम न करणारा, आणि ज्याच्याविषयी उघड तक्रार करता येत नाही असा पाहुणा असतो. ही प्रतिमा दलित विद्यार्थ्याला चिकटविताना त्याचे श्रम पुसले जातात आणि शासन हे जणू इतरांच्या मालकीचे घर आहे, असे गृहीत धरले जाते. त्या घराचा तो स्वतःही मालक आहे, हे सांगण्यास त्या शब्दात जागाच उरत नाही.

औरंगाबाद येथे 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाल्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली पहिली शिक्षित पिढी घडली. विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. या हिंसेचे कारण केवळ एक नाव नव्हते. गावातील कामे नाकारू लागलेला, नोकरीच्या रांगेत पुढे दिसणारा तरुण हे त्यामागील खरे शल्य होते. नामविस्तार होण्यास 14 जानेवारी 1994 उजाडला.

याच काळात रोजगार हमी योजनेचा अनुभवही उद्बोधक ठरतो. 1972 च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या या योजनेत मागेल त्याला काम हे तत्त्व होते. मजुराला श्रमाच्या मोबदल्यातच पैसे मिळत असल्याने तिला फुकटेपणा म्हणणे अवघड होते. तरीही ‘मजूर मिळत नाही’ ही बागायतदारांची तक्रार सुरू झाली. मजूर शासनावर अवलंबून झाला, यापेक्षा तो आपल्यावर अवलंबून राहिला नाही, ही त्या तक्रारीतील बोच होती.

अमेरिकेतील समांतर चर्चा

मुंबईत 1972 मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव 1966 मधील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. दोन्ही देशांतील परावलंबनाच्या चर्चेतही साम्य आढळते. रोनाल्ड रेगन यांनी 1976 च्या प्रचारात शासकीय मदतीवर चैन करणाऱ्या एका स्त्रीचे उदाहरण वारंवार दिले. तिचा वंश न सांगताही श्रोत्यांच्या मनात कृष्णवर्णीय स्त्रीची प्रतिमा उभी राहत असे. पुढे 1996 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याच स्वाक्षरीने रोख मदतीवर कालमर्यादा घालणारा कायदा झाला. मात्र शेतमालाच्या अनुदानांना तेथे क्वचितच परावलंबन म्हटले गेले. मदतीचे नाव तिच्या स्वरूपावरून ठरत नाही, ते घेणाऱ्याच्या ओळखीवरून ठरते, हे यातून दिसते.

अंबड तालुक्यातही हे पडताळून पाहता येते. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागाला मिळाले आणि गोदाकाठी ऊस वाढला. राज्यातील सहकारी साखर कारखान्यांना शासकीय भागभांडवल आणि कर्जहमी मिळाली. 2008, 2017 आणि 2019 मध्ये कर्जमाफीच्या योजना आल्या. या सर्व गोष्टी आवश्यक होत्या की नव्हत्या, हा वेगळा वाद आहे. परंतु कालव्याचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला कोणी जावई म्हटले नाही. त्याच उसाच्या तोडणीसाठी वर्षातील सहा महिने घर सोडणारा वंजारी, धनगर किंवा दलित मजूर मात्र राखीव जागेवरून बोलला की ‘सवलतखोर’ ठरतो.

पक्षीय राजकारणाची घडण

विश्वनाथ प्रताप सिंग यांनी 7 ऑगस्ट 1990 रोजी मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा केली. सर्वोच्च न्यायालयाने 16 नोव्हेंबर 1992 च्या निकालात ती वैध ठरविताना पन्नास टक्क्यांची मर्यादा आणि उन्नत गटाचे तत्त्व घालून दिले. महाराष्ट्रात शिवसेनेचा मंडलला विरोध होता. छगन भुजबळ यांनी 1991 मध्ये तो पक्ष सोडला. 1993 मध्ये जालना येथील समता परिषदेच्या मेळाव्यात मुख्यमंत्री शरद पवार यांनी राज्यातील अंमलबजावणी जाहीर केली. मराठा नेतृत्वाचा काँग्रेस पक्ष इतर मागासांना जोडू पाहत होता, तर भारतीय जनता पक्ष वसंतराव भागवत आणि गोपीनाथ मुंडे यांच्या ‘माधव’ सूत्राने, म्हणजे माळी, धनगर व वंजारी यांच्या आधारे, त्याच समूहांकडे वळला होता.

जालन्याचा आणखी एक संदर्भ येथे नोंदविणे उचित ठरेल. मुस्लिमांतील विणकर, खाटीक, बागवान आदी व्यवसायनिष्ठ जातींना इतर मागासवर्गात स्थान मिळावे, यासाठी शब्बीर अन्सारी यांनी येथून चळवळ उभारली. अभिनेते दिलीप कुमार यांनीही तिला साथ दिली. 1994 च्या शासन निर्णयाने या मागणीला मान्यता मिळाली. धर्माच्या नव्हे तर व्यवसायाच्या आधारावर मागासलेपण सिद्ध करण्याचा हा मार्ग ‘लांगूलचालन’ या आरोपाला बऱ्याच अंशी निरुत्तर करणारा होता. याउलट 2014 मध्ये मुस्लिमांसाठी काढलेला पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश सत्तांतरानंतर कायद्यात रूपांतरित झाला नाही.

वडीगोद्रीतील प्रश्न

राज्यात अनुसूचित जातींना 13, अनुसूचित जमातींना 7, इतर मागासवर्गाला 19, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 11 आणि विशेष मागास प्रवर्गाला 2 टक्के, असे 52 टक्के आरक्षण आहे. मराठा समाजासाठी 2018 मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 रोजी रद्द केला. विधिमंडळाने 20 फेब्रुवारी 2024 रोजी पुन्हा 10 टक्के आरक्षण संमत केले. मग वडीगोद्रीत उपोषण का झाले?

त्याचे उत्तर दोन प्रकारच्या आरक्षणांतील फरकात आहे. नव्या कायद्यातील 10 टक्के शिक्षण आणि नोकरीपुरते आहेत. कुणबी प्रमाणपत्र मिळाल्यास मात्र इतर मागासवर्गाच्या सर्व जागा, त्यांत ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषदेतील राखीव जागाही, खुल्या होतात. विदर्भातील कुणबी फार पूर्वीपासून या वर्गात आहेत. मराठवाडा निजामी राजवटीत असल्याने तेथील नोंदी वेगळ्या दप्तरांत, उर्दू व मोडीत राहिल्या. म्हणून आपल्यावर अन्याय झाला, हा मराठा आंदोलकांचा युक्तिवाद आहे आणि त्याला ऐतिहासिक आधार आहे. जानेवारी 2024 च्या ‘सगेसोयरे’ अधिसूचनेच्या मसुद्याने हा मार्ग रुंद होईल, ही वडीगोद्रीतील भीती होती. तीही निराधार नव्हती. ज्या गावात जमीन, सोसायटी आणि कारखाना यांवर एका समाजाचे प्राबल्य आहे, तेथे राखीव सरपंचपद हीच लहान जातींच्या हातातील एकमेव सत्ता असते. शासनाकडील ही मागणी पुन्हा एकदा गावातील अवलंबनातून सुटण्याचीच होती. आरक्षण ही दारिद्र्यनिर्मूलनाची योजना आहे, असे मानणाऱ्यांना हा मुद्दा सहसा उमगत नाही.

मराठा तरुणाची अगतिकताही खरी आहे. वाटणीत तुकडे झालेली जमीन, पडलेले भाव आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क यांत तो अडकला आहे. एकेकाळी ज्या सवलतीची हेटाळणी झाली, तीच आज त्याला आवश्यक वाटते. जावई हा शब्द आता पूर्वीसारखा उच्चारला जात नाही, याचे हेही एक कारण असावे.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत जालन्यात रावसाहेब दानवे आणि बीडमध्ये पंकजा मुंडे पराभूत झाल्या, तेव्हा या ध्रुवीकरणाची चर्चा झाली. त्यानंतर जुलै 2024 पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना दरमहा 1500 रुपये देण्याचे ठरले. 2022 मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी’ संस्कृतीवर टीका केली होती. त्यांच्याच पक्षाच्या युतीने ही योजना आणली आणि नोव्हेंबरमध्ये 288 पैकी 230 जागा जिंकल्या. या योजनेत जातीची अट नव्हती. अंतरवालीच्या आणि वडीगोद्रीच्या पात्र स्त्रिया एकाच यादीत आल्या, त्यांना ‘लाभार्थी’ म्हटले गेले. मात्र लाभार्थी हा शब्द ऐकायला सौम्य असला तरी त्यात हक्काचा उल्लेख नाही. देणाऱ्याची कृपा त्यात शिल्लक राहते.

दरम्यान 2 सप्टेंबर 2025 रोजी मुंबईतील आझाद मैदानावरील उपोषणानंतर शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रांची प्रक्रिया ठरविणारा निर्णय काढला. त्यानंतर गावपातळीवर समित्यांकडून जुन्या नोंदी तपासल्या जाऊ लागल्या, आणि इतर मागास संघटनांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले.