कोणता पैलवान मोठा?

जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली टेंभुर्णी. सोलापूरकडेही एक टेंभुर्णी आहे, ती नव्हे. अशा गावात जत्रेचा फड उठला, की पारावर एक वाद हटकून रंगतो. म्हातारी मंडळी म्हणतात, "पूर्वीसारखे पैलवान आता व्हायचे नाहीत." पोरं म्हणतात, "आजोबा, आताच्या चपळाईपुढं ते टिकलेच नसते!" परदेशात मुष्टियोद्ध्यांविषयीही हाच वाद चालतो, कोणी ज्यो लुई म्हणतो, कोणी महंमद अली. आपण घरचीच दोन माणसे घेऊ.

एक, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे आपल्या मराठवाड्यातले, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचे राहुल आवारे. यांनी 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले, तेही 57 किलोतच.

वजन सारखे, मग तुलना सोपी, असे वाटेल. पण गुरुजी, एकाचे धान्य पायलीने मोजले आणि दुसऱ्याचे किलोने, तर मुलांना काय उत्तर सांगाल? खाशाबांच्या काळी कुस्ती पंधरा मिनिटांची असे; आज तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. तेव्हा दम राखावा लागे, आता पहिल्या क्षणापासून गुण लुटावे लागतात. शिवाय खाशाबा मातीत घडले. मातीत पाय रुततो, अंगाला अंग भिडवून ढाक मारायला अवसर मिळतो. मॅटवर पाय सरकन फिरतो आणि समोरचा डोळ्याचे पाते लवायच्या आत पट काढतो. 1948 साली लंडनला खाशाबा या अनोळखी मॅटवर उतरले आणि सहावे आले. मला तर पदकाइतकाच तो सहावा क्रमांकही मोलाचा वाटतो. आवारेही लाल मातीतलेच, पण मॅटचा सराव त्यांना पुढे वर्षानुवर्षे मिळाला. म्हणून कसबात कोण सरस, हा निवाडा माझ्याने होत नाही.

मनाच्या कणखरपणाचे मात्र तसे नाही. आघात झाल्यावर माणूस काय करतो, ते कोणत्याही काळात दिसते. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झुंजून खाशाबा हरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लापुढे उभे केले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता; पण त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकल्या अंगाने ते उतरले. ती कुस्तीही गेली.

आवारेंची कसोटी निराळी. अंगात जोर असताना 2016 च्या ऑलिंपिकला त्यांना जायला मिळाले नाही. दोन वर्षांनी राष्ट्रकुलचे सुवर्ण आले. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक जिंकले, पण 61 किलोत. आणि तो गट ऑलिंपिकमध्ये नाहीच.

आता पारावर बसाल तेव्हा आधी हे विचारा : रिकामा अर्धा तास न मिळणे जड, की रिकामी दोन वर्षे काढणे?