एका बोलपटाचीं चार रूपें

मूकपटास भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या कीं तो कोणत्याहि देशांत चाले. बोलपट आला आणि ही सोय संपली. म्हणून 'खासगी चिटणीस' अशा अर्थाचें नांव असलेला १९३१ चा जर्मन संगीत-विनोदी बोलपट त्याच वर्षीं फ्रेंच, इटालियन व इंग्रजी भाषांत नव्यानें चित्रित झाला. पेढींतील एक टंकलेखिका आणि ती ज्यास साधा कारकून समजते तो पेढीचा प्रमुख, एवढेंच कथानक! इंग्रजी 'सनशाइन सूझी'मध्यें मूळचीच नटी रेनाटे म्यूलर होती. तेंच हास्य परभाषेंत पुनः उभें करणें मला तरी फार अवघड वाटतें. संगीतकार पॉल आब्राहाम हे यहूदी होते. १९३३ मध्यें नाझी सत्तेवर येतांच त्यांना जर्मनी देश सोडावा लागला. त्यांच्या चाली तोंवर चार भाषांत पोहोंचल्या होत्या.