पंचवीस घरांची किल्ली : सांकेतिक शब्दकोडी आणि ती सोडवण्याची साधने

इंग्रजी शब्दकोड्यांच्या कुळात एक लहानशी पण मानाची शाखा अशी आहे की, तिच्यात उत्तर सापडले म्हणून ते लगेच चौकटीत लिहिता येत नाही. ते आधी एखाद्या सांकेतिक पद्धतीने बदलून घ्यावे लागते आणि त्या पद्धतीची किल्ली कोणती, हेही सोडवणाऱ्यालाच शोधून काढावे लागते. ब्रिटनमधील ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात १९३९ ते १९७१ या काळात ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट आणि त्यांच्यानंतर १९७२ पासून ‘एझेड’ या नावाने ती परंपरा चालवणारे जोनाथन क्राउदर यांनी हा प्रकार लोकप्रिय ठेवला. या पत्रातील कोडेकारांनी स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या कुप्रसिद्ध प्रमुखांची नावे घ्यावीत, प्रसंगी ती उलटी करून वापरावीत, यावरून सोडवणाऱ्याच्या छळाविषयीची त्यांची भूमिका पुरेशी स्पष्ट होते. बीबीसीच्या ‘लिसनर’ या साप्ताहिकात १९३० साली सुरू झालेली आणि ते १९९१ मध्ये बंद पडल्यावर ‘टाइम्स’च्या शनिवारच्या अंकात स्थिरावलेली कोडी तर याहून अवघड मानली जातात.

या कोड्यांचा पाया ‘क्रिप्टिक’ शोधसूत्र हा असतो. अशा सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून बांधलेले असते. वरवर मात्र ते एखादे साधे वाक्य वाटते. ‘पब्लिक’ या इंग्रजी शब्दाचे सूत्र मराठीतून सांगायचे तर ते ‘गुत्ता, डावी बाजू आणि इन्चार्ज मिळून सर्वांचे’ असे होईल. गुत्ता म्हणजे पब, डाव्या बाजूसाठी एल, इन्चार्जसाठी आय-सी हे संक्षेप आणि ‘सर्वांचे’ हा अर्थ. उत्तर दोन बाजूंनी पडताळता येत असल्यामुळे, चौकटीतले एकही अक्षर हाती नसताना ते खात्रीने सांगता येते, आणि सांकेतिक कोड्याची सारी इमारत याच खात्रीवर उभी राहते.

वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी सर्वांत सोपी म्हणजे ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखली जाणारी, ज्यात प्रत्येक अक्षर वर्णमालेत ठरावीक घरे पुढे सरकवले जाते; इंग्रजीत तिच्या पंचवीसच शक्यता असल्याने त्या कागदावर तपासूनही संपतात. खरी गोडी आहे ती ‘प्लेफेअर’ पद्धतीत. ती १८५४ साली चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधली, परंतु तिचा पुरस्कार लॉर्ड लायन प्लेफेअर यांनी केल्यामुळे नाव त्यांचे लागले. पाच बाय पाच घरांच्या चौकोनात आधी किल्लीचा शब्द लिहायचा आणि मग वर्णमालेतील उरलेली अक्षरे क्रमाने भरायची, आय आणि जे ही दोन अक्षरे एकच मानायची, एवढीच तिची मांडणी. एकही अक्षर पुन्हा न येणारे ‘कोल्हापूर’ हे नाव इंग्रजी अक्षरांत किल्ली म्हणून घेतले, तर चौकोन असा होतो :

के – ओ – एल – एच – ए
पी – यू – आर – बी – सी
डी – ई – एफ – जी – आय
एम – एन – क्यू – एस – टी
व्ही – डब्ल्यू – एक्स – वाय – झेड

शब्दाची अक्षरे दोन-दोनच्या जोड्यांत घ्यायची. जोडीतील अक्षरे एकाच ओळीत असतील तर प्रत्येकाच्या उजवीकडचे, एकाच स्तंभात असतील तर खालचे अक्षर घ्यायचे, कडेला पोहोचल्यास दुसऱ्या टोकापासून मोजायचे. आणि दोन्ही अटी नसतील तर ती अक्षरे आयताचे दोन कोपरे समजून प्रत्येकाच्या जागी त्याच्याच ओळीतील दुसरा कोपरा घ्यायचा. ‘पब्लिक’मधील पी-यू एकाच ओळीत असल्यामुळे त्यांचे यू-आर होते, बी-एल या कोपऱ्यांचे आर-एच होते, आणि आय-सी एकाच स्तंभात असल्यामुळे टी-आय होते. चौकटीत शेवटी लिहायचे ते यू-आर-आर-एच-टी-आय.

बहुतेक शब्द सरळ भरायचे आणि मोजकेच या पद्धतीने बदलून भरायचे, अशी प्लेफेअर कोड्याची रचना असते. बदललेल्या शब्दांचे मूळ उत्तर शोधसूत्रातून कळते आणि त्यांची सांकेतिक अक्षरे त्यांना छेदणाऱ्या सरळ शब्दांतून हाती येतात; या दोहोंची सांगड घालून चौकोन उलट दिशेने उभारणे हे खरे काम. पी-यूचे यू-आर झाले आहे, एवढ्यावरून पी, यू, आर ही अक्षरे एकाच ओळीत किंवा स्तंभात याच क्रमाने लागोपाठ आहेत हे सिद्ध होते. आणि वर्णमालेत आर हे यूच्या आधी येत असल्यामुळे यांतले किमान एखादे अक्षर किल्लीच्या शब्दात असलेच पाहिजे. बी-एल आणि आर-एच या जोड्यांवरून बहुधा आयताचे चारही कोपरे मिळतात. किल्लीत नसलेली अक्षरे क्रमानेच येतात, म्हणून शेवटची ओळ पुष्कळदा व्ही ते झेड अशी निघते, हाही मोठा आधार. दहाबारा जोड्या जुळल्या की किल्लीचा शब्द धूसर का होईना, दिसू लागतो, आणि या क्षणासाठीच अनेक जण वर्षानुवर्षे ही कोडी सोडवतात.

येथे संगणकाचा प्रश्न येतो. रिकामी घरे दाखवून जुळणारे शब्द शोधणारी, अक्षरे उलटसुलट करून शब्द बनवणारी साधने इंटरनेटवर विपुल आहेत. ‘क्विनॅपलस’ या स्थळावरील ‘क्वाट’ हे त्यांतले जाणकारांच्या विशेष पसंतीचे. साध्या अक्षरबदलाची लिपी आपोआप उलगडणारे ‘क्विपकिप’ हेही प्रसिद्ध आहे. पण अशी साधने अक्षरांच्या वारंवारतेवर आणि शब्दांच्या ठेवणीवर चालतात, आणि त्यांना पुरेसा मजकूर लागतो. क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील विवेचनावरून साध्या अक्षरबदलालाही एकमेव उत्तर मिळण्यासाठी सुमारे २५ ते ३० अक्षरे हवीत असे दिसते. सहा-आठ अक्षरांच्या एकट्या शब्दावर यंत्राला निश्चित काही सांगता येत नाही. प्लेफेअरचा चौकोन तर सहाच्या पुढे तेवीस शून्ये द्यावीत इतक्या, परिणामाने खरोखर वेगळ्या ठरणाऱ्या प्रकारे भरता येतो. यंत्राला जिंकायचे असेल तर एकच मार्ग सोयीचा असतो : शब्दकोशातील प्रत्येक शब्द किल्ली म्हणून लावून पाहायचा आणि हाती असलेल्या जोड्यांशी जुळतो का ते तपासायचे. हे काही सेकंदांत होते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या जोड्या शोधसूत्रे सोडवूनच मिळवाव्या लागतात.

म्हणून साधने वापरण्यात अप्रामाणिकपणा आहे, हा जुन्या सोडवणाऱ्यांचा आक्षेप फारसा टिकत नाही. ‘चेंबर्स’चा जाडजूड शब्दकोश उघडण्याला कोणीही फसवणूक म्हणत नाही, कारण ही कोडी तो जवळ आहे असे धरूनच रचली जातात, शब्द जुळवणारे साधन हा त्याच शब्दकोशाचा वेगाने उलटणारा अवतार आहे. नुकसान होते ते मात्र किल्ली यंत्राकडून काढून घेतल्यास, कारण त्यात कोड्याचा सर्वांत सुंदर भाग न पाहताच संपतो. साधन घ्यावे ते शोधसूत्रांसाठी, आणि चौकोन पेन्सिलीने उभा करावा.

मराठी शब्दकोड्यांत हा प्रकार जसाच्या तसा आणता येत नाही. मराठीत एका घरात काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर, प्रसंगी जोडाक्षरही बसते, त्यामुळे शक्य अक्षरांची संख्या शेकड्यांत जाते आणि पंचवीस घरे अपुरी पडतात. व्यंजने आणि स्वरचिन्हे वेगळी सांकेतिक करणारी नवी पद्धत कोणी बसवली, तरच ते जमेल. तोपर्यंत उत्सुक वाचकांनी वरच्याच कोल्हापुरी चौकोनावर हात चालवून पाहावा : यू-के-ए-के ही चार सांकेतिक अक्षरे आहेत, नियम उलटे लावायचे आहेत, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मूळ उत्तर महाराष्ट्रात न्याहारीला खाल्ले जाते.