नाव ओळखीचं, गोळी अनोळखी

दिवाळी अंकात हा कसला विषय, असं तुम्हाला वाटेल. ‘आमच्या घरात नाही हो असलं काही,’ असंही तुम्ही म्हणाल. ते खरंच असू दे. तरीही फराळाची बशी जरा बाजूला ठेवून पाच मिनिटं हे वाचा. अमली पदार्थांबद्दल तुमच्या मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता आहे, आणि ती त्यांना फोनवर मिळाली आहे.

ही माहिती काही आजची नाही. अमेरिकेत ‘इरोविड’ हे संकेतस्थळ १९९५पासून चालू आहे. कुठल्या पदार्थाने काय होतं, घेणाऱ्यांना काय अनुभव आले, हे सगळं तिथे वाचायला मिळतं. २००५ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. नशेचे पदार्थ वापरणाऱ्या १२ तरुण मुलांपैकी सगळ्यांनी सांगितलं, की इंटरनेटवरच्या माहितीमुळे आपल्या वापरात बदल झाला. त्यातल्या ८ जणांनी धोका कमी व्हावा म्हणून काळजी घ्यायलाही सुरुवात केली होती. म्हणजे अशी माहिती मोहातही पाडते आणि सावधही करते.

मग व्हिडिओ आले. ॲलर्जीसाठी घराघरात असणारं बेनाड्रिल मुद्दाम जास्त घ्यायचं ‘चॅलेंज’ टिकटॉकवर फिरू लागलं. मुलं इमर्जन्सीत पोचली, काही दगावली. सप्टेंबर २०२०मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला.

आजचा मोठा धोका मात्र वेगळा आहे. झॅनॅक्स, ॲडरॉल, परकोसेट ही नावं मुलांना माहीत असतात. कशाने झोप लागते, कशाने अभ्यासात लक्ष लागतं, हे त्यांनी वाचलेलं असतं. ते वर्णन खऱ्या औषधाचं असतं. सोशल मीडियावरून किंवा मित्राच्या मित्राकडून मिळालेली गोळी हुबेहूब तशीच दिसते, पण आत बरेचदा फेंटानिल असतं. अमेरिकेच्या डीईए खात्यानुसार २ मिलिग्रॅम फेंटानिलही प्राणघातक ठरू शकतं. म्हणजे मिठाचे मोजके कण. फोनवर कितीही वाचलं, तरी हातातल्या गोळीत काय आहे ते कळत नाही.

सीडीसीने जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळातले १० ते १९ वर्षांच्या मुलांचे ओव्हरडोसचे मृत्यू तपासले. या काळात दर महिन्याचे मृत्यू दुपटीहून वाढले. १००पैकी सुमारे ८४ मृत्यूंमध्ये फेंटानिल होतं आणि साधारण २५ ठिकाणी बनावट गोळ्यांचा पुरावा सापडला. सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही, की दोन तृतीयांश मुलांच्या आसपास कुणीतरी होतं. पण बहुतेक ठिकाणी मदत झाली नाही. कुणी दुसऱ्या खोलीत होतं, कुणाला काय चाललंय ते कळलंच नाही. २०२४मध्ये देशातले ओव्हरडोसचे एकूण मृत्यू बरेच उतरले, पण बनावट गोळ्या अजून आहेत.

आपल्या घरांचा इथे काय संबंध? आपल्या मुलांवर मार्कांचं ओझं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘एकच घे, रात्रभर जागता येईल’ म्हणून डॉर्ममध्ये पुढे केलेली गोळी घेणारा मुलगा स्वतःला नशा करणारा समजत नाही. आणि ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य ऐकत मोठी झालेली मुलगी असं काही आईला विचारणार नाही. ती फोनला विचारेल.

म्हणून तीन कामं करा. दिवाळीच्या साफसफाईत औषधांचा कप्पाही आवरा. दातांच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या परत द्या. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये त्यासाठी देशभर ‘टेक बॅक डे’ असतो. दुसरं, नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा घरी आणा. मार्च २०२३मध्ये एफडीएने तो प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला मंजुरी दिली. तिसरं, मुलांना ‘तू असलं काही करत नाहीस ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच येतं. ‘तुझ्या कॉलेजात अशा गोळ्या मिळतात का? मुलं काय म्हणतात?’ असं विचारा, आणि पुढचं बोलणं त्यांना करू द्या.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठी. देवनागरी वाचायचा कंटाळा आला असेल, तर आई-बाबांकडून वाचून घ्या. औषधाच्या दुकानातून तुमच्या नावावर आली नसेल, ती गोळी घेऊ नका. मित्र उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडत असतील, तर ‘झोपू दे’ म्हणून सोडून जाऊ नका. ९११ला फोन करा, फवारा मारा, तिथेच थांबा. बहुतेक राज्यांत अशा वेळी मदत मागणाऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं. आई-बाबांना सांगायची भीती वाटत असेल, तर मंडळातल्या तुमच्या विश्वासातल्या काका-मावशीला फोन करा. रात्री दोन वाजता केलात तरी चालेल.

काका-मावशींनो, तो फोन आला तर आधी गाडीची किल्ली घ्या. प्रश्न सकाळी विचारता येतील.