सिंथेसायझर : आधी कोणती कळ?

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. आज हे वाद्य नांदेड-लातूरच्या गणेशमंडपांतही दिसते. त्याला ना तार, ना भाता! मधल्या सप्तकातील पांढरी सहा दाबा. विद्युत्-मंडलात सेकंदाला ४४० आंदोलने निर्माण होतात आणि स्पीकरचा पडदा तितक्याच वेळा थरथरतो.

वाद्य सुरू होताना मात्र विद्युत्-दाबाचा एक झटका उठतो. ॲम्प्लिफायर आधीच चालू असेल, तर झटका कित्येक पट वाढून ‘धप्प’ असा आवाज होतो; पडदा फाटू शकतो, कानांनाही इजा होते. म्हणून वाद्य आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना नेमके उलट.

प्लगची तिसरी, जाड पीन भूसंपर्काची. भोकात बसत नाही म्हणून ती मोडणारे महाभागही असतात! विजा कडाडू लागल्या, तर प्लगच काढून ठेवा.